डांग्या खोकल्याचे उंदीर: सातव्या दिवशीचे आकडे दर खेपेला का विस्कटतात?

समस्या अशी असते. सहा ते आठ आठवड्यांचे उंदीर, एकाच खेपेचे. एकाच सकाळी, कागदावर एकाच डोसने नाकातून डांग्या खोकल्याचा जंतू, बोर्डेटेला पर्टुसिस, दिला. सातव्या दिवशी फुप्फुसं काढून होमोजिनाइझ केली (द्रवात घोटून एकजीव केली), प्लेटवर पसरली आणि जंतूंच्या कॉलन्या मोजायला वाट पाहिली. एका उंदरात वीस लाख, त्याच पिंजऱ्यातल्या दुसऱ्यात चाळीस हजार, तिसऱ्याची प्लेट कोरी. पुढच्या खेपेला सगळेच आकडे खाली. त्याच्या पुढच्या खेपेला सगळं सुरळीत, आणि या वेळी वेगळं काय केलं ते कुणालाच सांगता येत नाही.

मग ठरलेली वाक्यं ऐकू येतात. उंदीरच खराब आले. जंतूचा गोठवलेला स्टॉक जुना झाला. गोव्याची हवाच दमट. यातलं एखादं खरंही असेल, पण नुसतं बोलून कळत नाही. त्यात लशीची चाचणी असेल तर सगळ्यात मोठा धोका लस न दिलेल्या गटाचा आहे. त्या गटात जंतू नीट रुजलाच नाही तर लस दिलेल्या गटातला कमी आकडा कशाच्या तुलनेत कमी म्हणायचा? न चाललेली लस चालल्यासारखी दिसते. अशा प्रयोगाचा आलेख बघायला सुंदर असतो, म्हणून तो लवकर टाकवतही नाही.

आधी तीन तासांची फुप्फुसं काढा

बाकी काहीही तपासण्याआधी हे करा. प्रत्येक खेपेला दोन-तीन जादा उंदीर धरा आणि जंतू दिल्यावर दोन ते तीन तासांत त्यांची फुप्फुसं काढून पूर्ण मोजणी करा. त्यासोबत उरलेलं इनोक्युलमही (उंदरांना दिलेला जंतूंचा द्रव) प्लेटवर लावा. एकदा पहिल्या उंदराच्या आधी, एकदा शेवटच्या उंदरानंतर.

एवढ्यावर प्रश्नाचे दोन तुकडे होतात. तीन तासांचा आकडाच कमी असेल तर जंतू फुप्फुसात पोचलाच नाही, किंवा मेलेला पोचला. तीन तासांचा आकडा चांगला आणि सातव्या दिवशीचा पडलेला असेल तर जंतू पोचला, पण टिकला नाही. या दोन्हींची कारणं वेगळी, इलाज वेगळे. सातव्या दिवसाचा आकडा एकटाच हातात असेल तर महिनाभर चुकीच्या टोकाला शोधत बसाल.

याला विरोध बहुधा हिशेबातून येतो: तेवढे उंदीर जादा लागतात. लागतात, म्हणूनच ते प्राणी-प्रयोगाच्या परवानगीचा फॉर्म बी भरतानाच संख्येत धरायचे आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला कारण लिहून द्यायचं. आख्खी खेप वाया जाऊन परत करण्यापेक्षा दोन-तीन उंदीर जादा घेणं सीसीएसईए या प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या नियमांच्या हेतूलाही धरूनच आहे. समितीला हा मुद्दा पटवायला फार त्रास पडत नाही, असा माझा अनुभव आहे. त्रास पडतो तो मार्गदर्शकांना पटवायला.

पोचलाच नाही: नाक, भूल आणि हात

एकाच पिंजऱ्यातले आकडे शंभरपट फाकले असतील तर पहिला संशय देण्याच्या पद्धतीवर घ्या. जंतू खराब असता तर सगळ्यांतच कमी दिसला असता.

नाकातून किती द्रव दिला यावर तो कुठे थांबतो ते ठरतं. पाच-दहा मायक्रोलिटर बहुतांशी नाकातच राहतात. फुप्फुसापर्यंत न्यायचं तर मोठ्या उंदराला साधारण ५० मायक्रोलिटर लागतात, दोन्ही नाकपुड्यांत विभागून, लहान थेंबांनी, प्रत्येक थेंब श्वासाबरोबर आत गेला की मगच पुढचा. नाकाच्या वरच्या भागातल्या संसर्गाचा अभ्यास करणारे मुद्दाम कमी द्रव वापरतात. दोन्ही पद्धतींचे प्रोटोकॉल एकाच फोल्डरमध्ये पडलेले असतात आणि नवा विद्यार्थी हाताला लागेल तो उचलतो, हे लक्षात ठेवा.

भुलेची खोली ही त्याहून मोठी भानगड. हुंगवायच्या आयसोफ्लुरेनवर उंदीर मिनिटाभरात शुद्धीवर येऊ लागतो. थेंब टाकताना तो शिंकला, नाकाशी बुडबुडा आला किंवा त्याने गिळलं, की डोस पोटात नाहीतर तुमच्या हातमोज्यावर. केटामिन-झायलाझिनच्या इंजेक्शनने वेळ जास्त मिळतो, पण उंदराचं अंग गार पडतं. एसीच्या खोलीत खाली गरम पॅड नसेल तर एखाददुसरा उंदीर उठतच नाही. श्वास संथ आणि खोल झाला की द्यायचं. धाप लागल्यासारखे झटके येत असतील तर भूल जास्त झालीय, थांबायचं. दिल्यावर अर्धा-एक मिनिट डोकं वर करून उभा धरायचा. ज्या उंदराच्या नाकाशी बुडबुडा आला त्याची नोंद तिथल्या तिथे करा, आणि अशा उंदराचं काय करायचं ते आकडे बघण्याआधीच ठरवून ठेवा. आकडे बघून मग «याला बुडबुडा आला होता बहुतेक» हे चालत नाही.

आता एक गोष्ट, जी फार कमी ठिकाणी पाळलेली दिसते. इनोक्युलम ट्यूबमध्ये उभं असतं तेव्हा जंतू खाली बसतात, गोळे धरतात आणि हळूहळू मरतातही. पहिल्या पिंजऱ्याला दिलेला डोस आणि दीड तासानंतर शेवटच्या पिंजऱ्याला दिलेला डोस एकच नसतो. आपल्या सवयीने पहिला पिंजरा कंट्रोलचा (लस न दिलेल्यांचा) आणि शेवटचा लसीचा! म्हणजे लस दिलेल्या गटाला मुळातच कमी जंतू मिळाले. पिंजऱ्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, किंवा प्रत्येक गटातला एक-एक उंदीर आळीपाळीने घ्या. दर उंदराआधी ट्यूब हलक्या हाताने उलटी-सुलटी करा. साध्या फॉस्फेट बफरपेक्षा त्यात १ टक्का केसिन किंवा कॅसामिनो आम्लं घातली तर जंतू जास्त वेळ तग धरतो. बर्फावर ठेवा आणि तासाभरात उरका. उंदीर जास्त असतील तर दोन ताजी इनोक्युलम करा, दोन्हींची मोजणी करा.

ओडी ६०० वर (द्रवाच्या गढूळपणाच्या मापावर) विसंबून राहणाऱ्यांसाठी: स्पेक्ट्रोफोटोमीटरला जिवंत आणि मेलेला जंतू सारखाच दिसतो. डोस म्हणून वहीत लिहायचा तो प्लेटवर आलेला आकडा. ओडी फक्त अंदाजाला.

पोचला पण टिकला नाही: फेजचा प्रश्न

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण वारंवार परत येणारी कटकट बहुतेक वेळा इथली असते.

बोर्डेटेला पर्टुसिसची सगळी हत्यारं, म्हणजे पर्टुसिस टॉक्सिन, अॅडिनिलेट सायक्लेज टॉक्सिन, चिकटण्यासाठी लागणारं एफएचए, फिम्ब्रिया, पर्टॅक्टिन, एकाच बटणावर चालतात. त्याला बीव्हीजी प्रणाली म्हणतात, आणि बटण चालू किंवा बंद असण्याच्या अवस्थेला फेज. ३७ अंशांवर बटण चालू. २५ अंशांच्या आसपास वाढवला किंवा माध्यमात ५० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट असलं की बटण बंद. बंद बटणाचा जंतू प्लेटवर मजेत वाढतो, उलट जास्तच जोमाने वाढतो, पण उंदराच्या फुप्फुसात त्याचा निभाव लागत नाही. तीन तासांचा आकडा भरघोस आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सरळ घसरण, हे चित्र दिसलं की आधी इथे बघा.

बंद होण्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांत गल्लत करू नका. एक तात्पुरता: तापमान किंवा माध्यमामुळे बंद झालेला, ३७ अंशांवर ताज्या प्लेटवर पुन्हा वाढवला की शुद्धीवर येतो. दुसरा कायमचा: बीव्हीजीएस जनुकात सायटोसिनची एक सलग रांग आहे, तिथे एखादं अक्षर वाढलं की वाचनाची चौकट सरकते आणि बटण मोडतं. असे मोडके जंतू प्रत्येक स्टॉकमध्ये थोडे असतातच. प्लेटवर ते जोमाने वाढत असल्यामुळे दर पॅसेजला, म्हणजे एका प्लेटवरून दुसरीवर नेताना, त्यांचं प्रमाण वाढत जातं. फ्रीजमधल्या जुन्या प्लेटवरून नवी प्लेट, त्यावरून आणखी एक, असं महिनोन्महिने चाललेल्या प्रयोगशाळेत शेवटी मोडक्यांचंच राज्य असतं.

ओळखायचं कसं? बोर्डे-जांगू प्लेटवर. ज्यूल बोर्डे आणि ऑक्ताव्ह जांगू यांनी १९०६ मध्ये हा जंतू वेगळा केला तो याच बटाटा, ग्लिसरॉल आणि रक्ताच्या माध्यमावर, आणि अजून त्याच्या तोडीचं दुसरं नाही. चालू बटणाच्या कॉलन्या लहान, घुमटाकार, पाऱ्याच्या थेंबासारख्या चमकतात आणि भोवती रक्त विरघळल्याची बारीक कड असते. बंद बटणाच्या कॉलन्या मोठ्या, चपट्या, निस्तेज, कड नाही. नव्या माणसाच्या डोळ्यांना फरक चटकन दिसत नाही. त्यासाठी मुद्दाम मॅग्नेशियम सल्फेट घालून एक प्लेट करा आणि साधी प्लेट शेजारी ठेवून दाखवा. एकदा पाहिलं की विसरत नाही. कोळशाच्या अगारवर ही कड दिसतच नाही, म्हणून रेगन-लोव या कोळशाच्या माध्यमावर मोजणी करत असलात तरी स्टॉक तपासायला बोर्डे-जांगू ठेवाच.

संशयित कॉलनी ताज्या प्लेटवर ३७ अंशांवर पुन्हा लावा. कड परत आली तर कारण तापमान. नाही आली तर तो स्टॉक ऑटोक्लेव्हमध्ये घाला, त्याच्यावर जीव लावू नका.

तापमानाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर गोव्यात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. रात्री दोनला वीज जाते, जनरेटर कधी लगेच उचलतो, कधी नाही. सकाळी नऊला इन्क्युबेटरवर ३७ दिसतं आणि सगळे निर्धास्त. मधल्या चार-पाच तासांत आत काय होतं ते कुणी पाहिलेलं नसतं. आत किमान-कमाल नोंदवणारा साधा थर्मामीटर ठेवा, फार महाग येत नाही. चवथीच्या सुट्टीत तर नक्कीच, कारण पाच दिवस वाढणाऱ्या जंतूची प्लेट सुट्टीच्या आदल्या दिवशी लावायचा मोह सगळ्यांना होतो. इथे एक भीती मात्र विनाकारण असते: तयार झालेलं इनोक्युलम तासभर बर्फावर ठेवल्याने फेज बदलत नाही. बदलते ती कमी तापमानाला जंतू वाढत राहिला तर.

स्टॉकची शिस्त अशी: एक मूळ स्टॉक, त्यातून कामाचा स्टॉक, दोन्ही ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर, लहान-लहान ट्यूबमध्ये. एक ट्यूब एका प्रयोगाला, वितळवून परत गोठवायची नाही. ट्यूबपासून उंदरापर्यंत दोनपेक्षा जास्त पॅसेज नकोत.

जंतूच्या आतून येणारी आणखी एक साक्ष मिळवता येते. पर्टुसिस टॉक्सिनमुळे पांढऱ्या पेशी, विशेषतः लिम्फोसाइट, रक्तात वाढतात. तान्ह्या बाळांतही हेच होतं आणि तिथे ते जिवावर बेततं. मोठा डोस दिलेल्या उंदराच्या शेपटीतून आठवड्याभराने थेंबभर रक्त घेऊन मोजणी करा. फुप्फुसात जंतू भरपूर आणि पांढऱ्या पेशी जागच्या जागी, असं असेल तर टॉक्सिन बनत नाहीये किंवा प्लेटवर वाढलेला जंतू आपला नाही.

आपला जंतू नाही, म्हणजे?

पर्टुसिसच्या कॉलन्या दिसायला तीन-चार दिवस लागतात, मोजण्याजोग्या व्हायला पाच. दुसऱ्याच दिवशी करड्या कॉलन्यांनी प्लेट भरली तर आनंद मानू नका. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या श्वासमार्गात बोर्डेटेला कुळातलेच दुसरे सदस्य राहू शकतात. त्यातला बोर्डेटेला स्यूडोहिन्झी तर २०१६ च्या सुमारास उंदरांतूनच वेगळा ओळखला गेला. त्याची लागण झालेला उंदीर वरून ठणठणीत दिसू शकतो, पण श्वासमार्ग आधीच बिघडलेला असतो आणि तुमचे सायटोकाइनचे (प्रतिकारशक्तीच्या निरोप्या प्रथिनांचे) आकडे मग कशाचे ते कळत नाही. उंदीर पुरवणाऱ्याच्या आरोग्य-तपासणीच्या यादीत हे नाव आहे का, ते स्पष्ट विचारा. दर खेपेला जंतू न दिलेल्या एक-दोन उंदरांची फुप्फुसं प्रतिजैविक नसलेल्या प्लेटवर लावा.

स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारा पर्टुसिस वापरून प्लेटमध्ये स्ट्रेप्टोमायसिन घालणं ही चांगली सोय आहे. मात्र सोय अशी की इतर जंतू दिसेनासे होतात, उंदरातून जात नाहीत. पीसीआरने खात्री करणाऱ्यांनी आयएस४८१ या एकाच डीएनए-खुणेवर थांबू नये. ती बोर्डेटेला होल्मेसायमध्येही सापडते.

प्लेट, रक्त आणि पाऊस

या प्लेटला मेंढीचं रक्त लागतं, आणि गोव्यात मेंढ्या नाहीत म्हटलं तरी चालेल. रक्त घाटावरून आणावं लागतं, बहुतेकांचं बेळगावकडून येतं, आणि पावसात चोर्ला किंवा अनमोड घाटात गाडी अडकली की डबा उन्हापावसात फिरून येतो. अर्धवट विरघळलेल्या रक्ताची प्लेट चॉकलेटी दिसते आणि तिच्यावर कड वाचता येत नाही. असं रक्त आलं तर प्लेट करूच नका. दर नव्या रक्ताच्या खेपेला ज्याची संख्या माहीत आहे अशा गोठवलेल्या स्टॉकची एक ट्यूब लावून बघा. आकडा नेहमीच्या निम्म्यावर आला तर दोष माध्यमाचा, उंदरांचा नाही. पर्टुसिस मेदाम्लांना फार हळवा असतो. रक्त, कोळसा किंवा द्रव माध्यमातलं सायक्लोडेक्स्ट्रिन ती शोषून घेतं म्हणून तर तो वाढतो.

पाच दिवसांत प्लेट वाळते, बाहेर कितीही दमट असो, कारण इन्क्युबेटरचा पंखा आतली हवा सुकवतो. आत पाण्याचा ट्रे ठेवा. उलट थंड प्लेट बाहेर काढली की झाकणाला घाम येतो, थेंब पडून कॉलन्या एकमेकींत वाहतात. लावण्याआधी उघड्या करून नीट सुकवा.

उंदरांच्या खोलीतली आर्द्रताही बघा. ती ७० टक्क्यांच्या वर राहिली की तूस ओला राहतो, अमोनिया साठतो आणि श्वासमार्ग जंतू देण्याआधीच चिडलेला असतो. लांबून गाडीने आलेल्या उंदरांना निदान आठवडाभर विसावा द्या. आणि पशुवैद्यांनी खबरदारी म्हणून पिण्याच्या पाण्यात प्रतिजैविक घातलं नाही ना, हे विचारा. हसू नका, खरंच विचारा.

उंदराकडून नको ते मागू नका

काही वेळा आकडे बरोबर असतात आणि अपेक्षा चुकीची. उंदराला माणसासारखा ढास लागून हूप येत नाही. एका उंदराकडून दुसऱ्याकडे लागण जाईल यावरही भिस्त ठेवता येत नाही. जंतू साधारण आठवड्याभरात शिखर गाठतो आणि तीन ते पाच आठवड्यांत फुप्फुसातून जातो, ही उंदराची नेहमीची चाल. ती बिघाड समजून दुरुस्त करायला जाऊ नका. खोकला आणि प्रसाराचे प्रश्न बबून माकडांत जास्त नीट सुटले. अपेशीय लस (अख्ख्या जंतूऐवजी त्याचे निवडक भाग असलेली) आजार थोपवते पण लागण आणि प्रसार थोपवत नाही, हे २०१४ मध्ये तिथूनच पुढे आलं.

उंदराच्या जातीनेही फरक पडतो. सी३एच/एचईजे उंदरांत जंतू ओळखणारं टीएलआर४ हे प्रथिन मोडलेलं असतं, त्यांच्यात जंतू जास्त चढतो. इंटरफेरॉन-गॅमाचा ग्राहक नसलेल्या उंदरांत तो फुप्फुसाबाहेरही पसरतो. बाल्ब/सी आणि सी५७ या जातींचे आकडे एकाच आलेखात घालू नका.

लसनिर्मितीच्या गुणवत्ता चाचणीतून आलेल्यांसाठी एक सूचना: अमेरिकी शास्त्रज्ञ पर्ल केंड्रिक यांची उंदीर-संरक्षण चाचणी मेंदूत जंतू टोचून होते आणि तिला १८३२३ हा स्ट्रेन (जंतूचा वाण) लागतो. संपूर्ण पेशीच्या डीपीटीची ताकद अजून तीवरच मोजली जाते. तो स्ट्रेन इतर पर्टुसिसपेक्षा जनुकीय दृष्ट्या बराच वेगळा आहे. फ्रीजमध्ये सहज मिळाला म्हणून तो श्वासमार्गाच्या प्रयोगात घालू नका. तिथे बहुतेक तुलना टोहामा-१ या स्ट्रेनशी होते.

कोरी प्लेट म्हणजे शून्य नव्हे

फुप्फुस १ मिलिलिटरमध्ये होमोजिनाइझ करून त्यातले १०० मायक्रोलिटर लावले, तर एक कॉलनी म्हणजे फुप्फुसात दहा जंतू. कोरी प्लेट म्हणजे «दहापेक्षा कमी». वहीत तसंच लिहा. उशिराच्या दिवसांना, जिथे आकडे मुळातच खाली असतात, तिथे सगळा मिलिलिटर चार-पाच प्लेटांवर वाटून लावा. होमोजिनाइझर सलग चालवलात तर ट्यूब तापते आणि जंतू तिथेच मरतात, म्हणून थोडं फिरवा, बर्फावर ठेवा, परत फिरवा. सरासरी काढताना आकड्यांचे लॉग (लॉगॅरिदम) घ्या, नाहीतर एकच वीस लाखवाला उंदीर आख्खा गट ओढून नेतो.

हे सगळं करूनही आकडे फाकत असतील आणि कुणाला विचारायचं असेल, तर सोबत एवढं घेऊन जा: इनोक्युलमचे आधीचे आणि नंतरचे आकडे, तीन तासांची फुप्फुसं, पिंजऱ्यांचा क्रम, स्टॉकच्या बोर्डे-जांगू प्लेटचा जवळून काढलेला फोटो आणि जंतू न दिलेल्या उंदराची प्लेट. नुसता सातव्या दिवसाचा आलेख पाठवलात तर समोरचाही अंदाजच बांधणार.